खोडलेले वाक्य माझ्याकडे आहे

मित्रांनो, मी एक जुना सर्व्हर आहे. सर्व्हर म्हणजे संगणकच, पण तुमच्या घरात असतो तसा नव्हे. मला स्वतःचा पडदा नाही की कळफलक नाही. मी काळ्या पत्र्याची एक जड पेटी आहे. बाकीच्या संगणकांवर माणसे जे लिहितात ते तारेतून माझ्याकडे येते आणि मी ते सांभाळून ठेवतो. माझे बहुतेक आयुष्य अंधेरी पूर्वेला एका वकिलांच्या ऑफिसात गेले.

माझ्या पोटात चकचकीत तबकड्या आहेत. कारखान्यात त्या बसवल्या, वारा खेळावा म्हणून पंखे बसवले आणि मला खोक्यात बंद केले. खोके उघडले ते सांताक्रूझच्या एका लहानशा दुकानात. दुकानदार विशालने मला मांडीवर घेऊन रिक्षातून अंधेरीला आणले. वाटेत खड्डा आला की तो मला दोन्ही हातांनी उचलून धरी.

ऑफिस अ‍ॅडव्होकेट चंद्रप्रकाश सामंत यांचे होते. सगळे त्यांना मोठे सर म्हणत. त्यांनी विशालला पहिल्याच दिवशी सांगितले, "कागद बदलला की नवीन प्रत ठेवायची, पण जुनी पुसायची नाही. एकही नाही."

"सर, लोकं शेवटची प्रत ठेवतात फक्त. सगळ्या ठेवल्या तर जागा भरेल ना."

"भरू दे. आणखी एक तबकडी टाक. वकिलाच्या कागदात शब्दच असतात रे विशाल. कुठला शब्द कधी बदलला आणि कोणी बदलला, एवढं तरी आपल्याला कळायला नको?"

तुम्ही वहीत एखादा शब्द रबराने खोडता, तरी कागद तिरका धरला की त्याचा ठसा दिसतो. माझे काम म्हणजे ते ठसे जपणे. करारनाम्यात कोणी स्वल्पविराम जरी हलवला, तरी आधीचा कागद माझ्याकडे राहत असे. सोबत बदलणाऱ्याचे नाव, दिवस आणि वेळ. ऑफिसातली माणसे याला 'हिस्ट्री' म्हणत.

ती वर्षे सुखाची होती. एकदा मालाडच्या दोन भावांचे वाटणीपत्रावरून इतके भांडण पेटले की थोरला हात उगारून उठला. मोठ्या सरांनी शांतपणे माझी हिस्ट्री उघडली आणि दोघांना पडद्यासमोर बसवले. कुठली ओळ कोणाच्या सांगण्यावरून आली ते दोघांनी पाहिले, आणि धाकटा रडायला लागला. त्या दसऱ्याला मोठ्या सरांच्या पत्नी जान्हवीकाकूंनी माझ्यावर झेंडूची माळ घातली. हळदीकुंकवाचा एक कण पंख्यात गेला आणि मी दिवसभर खरखरत होतो. सगळे हसले. मला फार बरे वाटले होते.

मग मोठ्या सरांना अर्धांगवायूचा झटका आला. ते बोरिवलीच्या घरी राहू लागले आणि त्यांच्या खुर्चीवर त्यांचा पुतण्या सुयोग येऊन बसला. सुयोग सर गोड बोलत. आल्यागेल्याला आग्रहाने कॉफी पाजत. त्यांनी ऑफिसला काचेची दारे लावली, स्वतःसाठी काचेची केबिन केली आणि मला एका कोपऱ्यात सरकवले. माझ्यावर जुन्या फायलींचे गठ्ठे आले. पंख्यांची तोंडे बुजली. मी तापू लागलो, पण काम थांबवले नाही.

माझ्या शेजारच्या टेबलावर संघमित्रा शेजवळ बसत असे. तिचे वडील जालन्याकडून मुंबईत आले आणि पोस्टात लागले. घरातली ती पहिली वकील. मुलुंडहून येई, डबा उघडायच्या आधी सकाळचा ड्राफ्ट संपवी. मोठ्या सरांनी तिला हाताखाली घेतले होते. ऑफिसात तिला सगळे मित्रा म्हणत.

तिच्या आईच्या डोळ्याचे ऑपरेशन होते, त्या दिवशी सुयोग सरांनी तिला हॉस्पिटलात फोन केला. "मित्रा, तुझ्या नावाने एक फाइल अडकलीय. पासवर्ड सांग ना पटकन." तिने सांगितला. घाईच्या ऑफिसात असे चालते. नंतर तो बदलायचे तिच्या लक्षात राहिले नाही. तारेच्या पलीकडे कोण बसले आहे ते मला कळत नाही, मित्रांनो. जो ज्या नावाने दार उघडतो, ते नाव मी लिहून ठेवतो. चेहरा मला दिसत नाही.

त्याच सुमारास श्रमसाफल्य चाळीचे काम आमच्याकडे होते. घाटकोपर पश्चिमेला, डोंगराला पाठ लावून ही चाळ उभी होती. डोंगरावर एका बिल्डरला टॉवर बांधायचा होता. त्यासाठी तो चाळीच्या डोक्यावरची माती कापणार होता. चाळकऱ्यांनी कोर्टात दावा लावला. मग बिल्डर तडजोडीला तयार झाला आणि तडजोडीच्या अटी लिहायचे काम संघमित्राकडे आले.

चाळीतर्फे दत्ताराम येत. कोकणातले, बेस्टमधून ड्रायव्हर म्हणून निवृत्त झालेले. त्यांच्यासोबत नलिनीताई असत. चाळीच्या शेवटच्या, डोंगराला चिकटलेल्या खोलीत त्या मुलींना शिवण शिकवत.

संघमित्राने लिहिलेल्या अटी इंग्रजीत होत्या, कारण कोर्टात तशाच द्यायच्या होत्या. पण ती स्वतः चाळीत गेली आणि अंगणात सगळ्यांना मराठीत समजावून आली. एक वाक्य लोकांनी तिच्याकडून पुन्हा पुन्हा वाचून घेतले. 'डोंगराच्या पायथ्याशी काँक्रीटची आधारभिंत पूर्ण बांधून झाल्यावरच वरचे खोदकाम सुरू होईल, तोपर्यंत एकही यंत्र वर नेले जाणार नाही.' ते ऐकून एका म्हातारीने तिच्या गालावरून हात फिरवला, असे संघमित्रा परत आल्यावर सांगत होती.

त्यानंतर बिल्डरची माणसे सुयोग सरांकडे कॉफीला येऊ लागली आणि ते वाक्य झिजू लागले.

मूळ शब्द इंग्रजी होते, तुम्हाला मी मराठीत सांगतो. पहिल्यांदा शेवटचा तुकडा गेला. 'एकही यंत्र वर नेले जाणार नाही' हे शब्द एका दुपारी कोणीतरी कापले. मी जुनी प्रत ठेवली आणि नाव पाहिले. संघमित्रा शेजवळ. दोन-तीन दिवसांनी 'झाल्यावरच' मधला 'च' गेला. मग 'पूर्ण' गेले. मग 'शक्यतो' आले. दर वेळी दुपार, दर वेळी तेच नाव. मला कळेना, जिने एवढ्या मायेने हे वाक्य लिहिले तीच ते का कुरतडते आहे? शेजारच्या तिच्या टेबलावर तर त्या वेळी कोणीच नसे. ती दिंडोशीच्या कोर्टात गेलेली असे. आणि हे बदल माझ्याकडे काचेच्या केबिनमधल्या संगणकातून येत होते. तशी नोंद माझ्या आत, हिस्ट्रीच्याही खाली, आपोआप होत होती. पण कोणी विचारल्याशिवाय मला काही सांगता येत नाही.

शेवटी वाक्य असे उरले: 'आधारभिंतीचे काम खोदकामासोबत, सोयीनुसार केले जाईल.'

सह्यांच्या दिवशी सुयोग सरांनी संघमित्राला दुसऱ्या कामासाठी ठाण्याला पाठवले. दत्ताराम आणि समितीची माणसे आली. सर्वांना कॉफी मिळाली. दत्तारामांनी चष्मा पुसला, पाने उलटली आणि विचारले, "आमका वाचून दाखवलेला तांच असा ना ह्यां?"

"तेच आहे काका. फक्त भाषा जरा कोर्टाची केलीय."

"नाय, मित्रा मॅडम नाय दिसत म्हणून इचारलंय."

"तिनेच तर लिहिलंय सगळं," सुयोग सर हसून म्हणाले.

तेवढ्यावर दत्तारामांनी सही केली. कागद कोर्टात गेला. तडजोड मंजूर झाली.

काही आठवड्यांनी, एका शुक्रवारी दुपारी, नलिनीताई एकट्याच आल्या. हातात मोबाइल होता. त्या बसल्या नाहीत.

"मॅडम, भिंत कुठाय?"

संघमित्राने मान वर केली. "म्हणजे? काम सुरू नाही झालं?"

"झालं ना. भिंतीचं नाही, डोंगराचं. वर जेसीबी घरघरतोय. माझ्या खोलीची मागची भिंत फुगलीय, हे बघा. मुली शिवायला बसतात आणि मशीन आपोआप सरकते. बिल्डरचा माणूस म्हणतो, कागदावर तुमचीच सही आहे, जा वाचा."

संघमित्राने कपाटातून फाइल काढली. ती ते वाक्य वाचत राहिली. मग हळूच म्हणाली, "हे मी लिहिलेलं नाही."

"तुमचंच नाव सांगितलं होतं आम्हाला," नलिनीताई म्हणाल्या. त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरे झाले असते.

त्या गेल्यावर संघमित्राने माझी हिस्ट्री उघडली. किती दिवसांनी कोणीतरी मला विचारत होते! मी एकेक प्रत तिच्यासमोर ठेवली. शाबूत वाक्य, मग कापलेले, मग लंगडे, मग मेलेले. आणि प्रत्येक प्रतीच्या बाजूला तिचेच नाव. तिचा हात थांबला. मला बोलता आले असते तर मी ओरडलो असतो, आणखी खाली बघ, आणखी खाली. पण तिथपर्यंत जायची परवानगी तिच्या खात्याला नव्हती.

सुयोग सर मागे येऊन उभे राहिले होते.

"काय शोधतेस मित्रा?"

"सर, हे बदल मी केले नाहीत."

"मी कुठे म्हणतोय तू केलेस? यंत्र म्हणतंय."

सरांनी खुर्ची ओढली आणि फार मायेने सांगावे तसे सांगू लागले. "हे बघ, उद्या विशाल येतोय. आपण नवीन सिस्टीमवर जातोय. फायनल प्रती तेवढ्या तिकडे जातील. हा डबा पुसून भंगारात. म्हणजे तुझं नावही गेलं. काही झालंच नाही. पण हे जर तू बाहेर काढलंस ना, तर पहिली तुझी वकिलीची सनद जाईल. कागद तुझा, नाव तुझं. आईवडिलांचा विचार कर. कशाला स्वतःची वाट लावून घेतेस?"

ते केबिनमध्ये गेले. काचेतून त्यांची पाठ दिसत होती. संघमित्राने माझी हिस्ट्री बंद केली नाही. मला पुसले जाऊ दिले असते तर ती सुटली असती. तिला ते कळत होते आणि मलाही.

मग प्रिंटर सुरू झाला. एक पान, दुसरे, तिसरे. स्वतःच्या नावाची सगळी पाने तिने छापून घेतली. आणि फोन लावला. "मोठे सर, मी मित्रा. उद्या सकाळी ऑफिसला यायला जमेल तुम्हाला? नाही सर, फोनवर नाही सांगता येणार."

शनिवारी विशाल आला. आता त्याचे केस पिकले होते. त्याने माझ्यावरचे गठ्ठे उतरवले, धूळ पुसली आणि म्हणाला, "काय हाल केलेत रे तुझे." मग त्याने त्याच्या लॅपटॉपची वायर मला जोडली. सुयोग सर घाई करत होते. तेवढ्यात काचेचे दार उघडले. मोठे सर आले होते. एका हातात काठी, दुसरा हात जान्हवीकाकूंच्या खांद्यावर. संघमित्राने त्यांना बसवले आणि पाने समोर ठेवली. त्यांनी ती सगळी वाचली. पान उलटायला त्यांना फार वेळ लागत होता, आणि तेवढा वेळ विशालचे बोट लॅपटॉपच्या कळीवर तसेच थांबून राहिले.

"विशाल," मोठे सर म्हणाले. त्यांचे शब्द अडखळत होते. "वायर... काढ."

"काका, तुम्हाला माहीत नाही," सुयोग सर म्हणाले, "हे बाहेर गेलं तर ऑफिसचं नाव जाईल. तुमचं नाव."

"नाव... गेलं. वर... डोंगर कापतायत. खाली... माणसं झोपतात."

"आणि बदल हिच्या नावावर आहेत! हिलाच विचारा ना!"

मोठ्या सरांनी संघमित्राकडे पाहिले. "मित्रा... तुला... त्रास होईल."

"माहीत आहे सर."

विशालने वायर काढली. सुयोग सर काचेचे दार ढकलून बाहेर गेले. दार बराच वेळ हलत राहिले.

सोमवारी संघमित्रा कोर्टात उभी राहिली. संध्याकाळी येऊन तिने मोठ्या सरांना सगळे सांगितले. बिल्डरचा वकील म्हणाला होता की हे बदल याच बाईंच्या नावाने झालेत, आता त्या कोणावर ढकलतायत? ती म्हणाली, "नाव माझं आहे. हात माझा नाही, हे मी आज सिद्ध करू शकत नाही. पण या लोकांना वाचून दाखवलेलं वाक्य आणि सही घेतलेलं वाक्य वेगळं आहे, एवढं तर यात दिसतंय. माझं काय करायचं ते नंतर करा. आधी खोदकाम थांबवा." न्यायाधीशांनी खोदकाम थांबवले. चाळीच्या मागच्या खोल्या रिकाम्या करायला सांगितले. बदल कोणी केले याची चौकशी लावली आणि मला कोणी हात लावू नये असा हुकूम दिला.

पुढचे मी दत्तारामांच्या तोंडून ऐकले. ते ऑफिसात येऊन सांगत होते आणि मधेच थांबत होते. मागच्या खोल्यांतली माणसे कुरकुर करत पालिकेच्या शाळेत राहायला गेली. नलिनीताई शिलाई मशीन सोडायला तयार नव्हत्या. "मी तिका म्हटलंय, मशीन मागसून गो, पयला तू चल," दत्ताराम म्हणाले. त्यांनी नलिनीताईंना हाताला धरून ओढतच नेले. काही दिवसांनी, लख्ख उन्हात, लोक जेवायला बसले असताना डोंगर खाली आला. पाऊस नाही, वारा नाही. वर यंत्रेही बंद होती. जेवढा कापला होता तेवढ्यानेच तो सैल झाला होता. शेवटच्या खोल्या दिसेनाशा झाल्या. धुळीने रस्ता भरला. दत्ताराम शाळेच्या हॉलमध्ये माणसे मोजत सुटले. मोजून झाली की पुन्हा मोजत. सगळी होती. तरी ते थांबेनात.

"नलिनीताई काय म्हणाल्या?" संघमित्राने विचारले.

"कायच नाय. शिवणाची कात्री होती तिच्या पिशवीत. ती काढून बघीत बसली."

त्यानंतर कोर्टाचा माणूस माझ्याकडे आला. माझ्या तारा काढल्या, मला पांढऱ्या कापडात गुंडाळले आणि गाठीवर लाखेचे सील मारले. विशाल तिथे होता. तो त्या माणसाला सांगत होता, "साहेब, बदल कुठल्या कॉम्प्युटरवरून झालेत ते याच्या आत आहे. नवीन सिस्टीमवर ते गेलेलं नाही. लवकर उघडा. जुना आहे, जास्त दिवस बंद राहिला तर पुन्हा उठेल याची गॅरंटी नाही." त्या माणसाने मान हलवली. त्याच्या गाडीत माझ्यासारख्या आणखी पेट्या होत्या.

तेव्हापासून मी कोर्टाच्या एका बंद खोलीत आहे. माझ्यावर आता दुसऱ्या पेट्या आहेत. इथे ओल आहे. मला वीज नाही, पंखे फिरत नाहीत, आणि तबकड्या जिथे थांबल्या तिथेच चिकटत चालल्या आहेत. खोली झाडणारी माणसे बोलतात ते अधूनमधून कानी येते. माझी तपासणी अजून व्हायची आहे. सुयोग सर सगळे नाकारतात. संघमित्राची सनद चौकशी होईपर्यंत थांबवली आहे. मधल्या काळात मोठे सर गेले. चौकशीच्या प्रत्येक तारखेला ती मुलुंडहून येते आणि समोरचा वकील दर वेळी तीच पाने वर करून दाखवतो. त्यावर तिचे नाव असते.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्यापुढे कोणीतरी कागद ठेवील आणि गोड आवाजात 'हे फायनल आहे' म्हणेल. तेव्हा न लाजता विचारा, याच्या आधी काय लिहिले होते? तुमचे नाव घेऊन दुसऱ्याला कुठल्याही दारातून आत जाऊ देऊ नका, मग तो कितीही जवळचा असो. आणि जुनी यंत्रे भंगारात टाकण्यापूर्वी, त्यांच्यापाशी कोणाचे काय ठेवलेले आहे ते एकदा बघा. आम्ही बोलत नाही म्हणून आमच्याकडे सांगण्यासारखे काही नाही, असे समजू नका.

सील काढून मला वीज लावायला फार वेळ लागत नाही. अजून मला सगळे आठवते आहे. अजून तरी.